मातकट सदरे आणि तोमासाचा नवस

आमच्या गल्लीत बावीस खोल्या आणि एकच नळ होता. त्या नळावर पहाटेचा पहिला हक्क तोमासा कारियोचा. हा हक्क तिला कुणी दिला नव्हता, तिने तो घेतला होता. नवा भाडेकरू पहिल्या दिवशी ऐटीत बादली घेऊन पुढे व्हायचा, तोमासा त्याच्याकडे नुसती बघायची, आणि दुसऱ्या दिवशी तो निमूटपणे तिच्या मागे उभा असायचा. मी तिच्यापासून तिसऱ्या खोलीत राहायचो. तिच्या मुलाच्या, इलारिओच्या, बाप्तिस्म्याला मी धर्मबाप म्हणून उभा राहिलो, तेव्हापासून ती मला कोम्पाद्रे म्हणायची आणि मी तिला कोमाद्रे; पोरगा मला पाद्रीनो म्हणायचा. या नात्यात एकमेकांना नाही म्हणायची सोय नसते. तिने याचा आयुष्यभर फायदा घेतला. मला तो एकदाही घेता आला नाही.

धुणं हा तिचा धंदा. लिमातले पैसेवाले नदीच्या त्या बाजूला, आम्ही मालाम्बोवाले या बाजूला, आणि मध्ये पूल. तोमासा त्या पुलावरून डोक्यावर गाठोडं घेऊन दिवसातून दोनदा जायची-यायची. तिची आई याच मालाम्बोत गुलाम म्हणून जन्मली होती. तोमासा स्वतंत्र जन्मली, आणि ही गोष्ट समोरचा विसरलाय असं वाटलं की ती त्याला आठवण करून द्यायची, मग समोर पोलीस असो की पाद्री.

आमचा फुटबॉल क्लब होता, उनियॉन मालाम्बो. गवंडी, हमाल, दोन खाटीक, एक न्हावी. मी छापखान्यात खिळे जुळवायचो, म्हणजे लिहिता-वाचता येणारा, म्हणून मी सेक्रेटरी. लीगचं ते दुसरंच वर्ष. पहिल्या वर्षी आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी संघ कमी पडले तेव्हा घेतलं. अर्जात सदऱ्याचा रंग लिहायचा होता. चिनी दुकानदाराकडे पिवळ्या कापडाचा एक तागा पडून होता आणि त्याला तो खपवायचा होता, म्हणून मी ‘पिवळा’ लिहिलं.

ते सदरे तोमासा फुकट धुवायची, आणि त्याची किंमत ती मैदानात वसूल करायची. आमचे सामने तिने गोलपेक्षा डागांसाठी जास्त पाहिले. कुणी घसरून पडला की ओरडायची, “ए सिप्रियानो! गवताचा डाग तुझी बायको काढणार आहे का? उभ्याने खेळ!”

सिप्रियानो आमचा कप्तान. सहा फुटी गवंडी, कुणाच्या बापाला न भिणारा. तोही तिच्यासमोर चेंडू सोडून उभा राहायचा. त्या वर्षी आमच्यावर जितके गोल झाले, त्यातले निदान तीन तोमासाच्या नावावर लिहायला हवेत.

जूनमध्ये इलारिओला विषमज्वर झाला. वीस दिवस ताप. पोरगा वीस वर्षांचा, वीटभट्टीवर कामाला, आमच्या संघातला सगळ्यात चपळ, आणि अंथरुणावर त्याची नुसती हाडं राहिली होती. डॉक्टर एकदा येऊन गेला. त्याने छातीला कान लावला आणि म्हणाला, वाचला तरी याच्याच्याने पळणं होणार नाही, काळीज दुबळं झालंय. तोमासाने त्याला शांतपणे दारापर्यंत पोचवलं. मग परत येऊन भिंतीवरच्या, क्रूसावरच्या सावळ्या प्रभूच्या तसबिरीसमोर उभी राहिली. गुडघे टेकले नाहीत, हात कमरेवर.

“याला पूर्वीसारखा कर,” ती म्हणाली. “तू केलंस तर सबंध ऑक्टोबर महिना याच्या अंगावर तुझा जांभळा झगा असेल. एक दिवस, एक तास उतरणार नाही. आंघोळ सोडून. बोल, कबूल?”

मी हळूच म्हणालो, “कोमाद्रे, नवस तू बोलतेस आणि झगा त्याला?”

“मग? आजारी तो आहे. मी कशाला घालू?”

ती स्वतः दर ऑक्टोबरला जांभळं घालतच होती, तो भाग वेगळा.

जुलैत इलारिओ उठून बसला. ऑगस्टमध्ये तो गल्लीत भिंत धरून चालायला लागला आणि सप्टेंबरच्या शेवटी मैदानात उतरला. पहिल्यासारखा नाही, पण पळत होता. पंधरा मिनिटं पळायचा, मग ओठ निळे पडायचे, मग परत पळायचा. तोमासा तेवढा वेळ डागांवर ओरडायचं विसरायची.

ऑक्टोबर लागला तसा झगा अंगावर चढला. जांभळा, पायघोळ, कमरेला पांढरी दोरी. ऑक्टोबर हा सावळ्या प्रभूच्या मिरवणुकीचा महिना, आमच्या शहरात तेव्हा कुणी त्या झग्याला हसत नाही. अर्धा बाजार त्याच रंगात असतो. तो भट्टीवर तसाच जायचा, विटा तसाच वाहायचा. खेळण्यासाठी म्हणून तोमासाने झगा गुडघ्यापर्यंत आखूड करून दिला. तिच्याकडून मिळालेली ही एकमेव सवलत.

आता सामन्याचं सांगतो. दुसऱ्या रविवारी आमचा शेवटचा सामना होता, प्रोग्रेसो या विणकरांच्या संघाशी. दोघेही तळाला. जो हरेल तो खालच्या वर्गात जाणार, म्हणजे परत धुळीची मैदानं, परत कुणी विचारणार नाही. आणि लीगने त्याच वर्षी नियम केला होता: अकराच्या अकरा खेळाडूंचा सदरा एकसारखा, अर्जात लिहिलेल्या रंगाचा. नाहीतर सामना गेला. इलारिओच्या आजारपणात त्याच्या जागी खेळलेला हमाल आता शहरात नव्हता, आणि अकरा पुरे नसले तरी सामना जाणार होता.

इलारिओला झग्यातच खेळू द्या, अशी परवानगी मागायला मी सोमवारी गेलो. लीगच्या वतीने आमचे सामने बघायचे सेन्योर लेगार्दा. गोरे, नीटनेटके, बोलायला गोड. त्यांनी माझा अर्ज पूर्ण वाचला.

“मीही भक्तच आहे हो,” ते म्हणाले. “पण मैदान म्हणजे मिरवणूक नव्हे. त्याला सांगा, दोन तास काढून ठेव. देव काही घड्याळ घेऊन बसलेला नाही.”

हे मी गल्लीत येऊन सांगितलं, तर इलारिओ लगेच म्हणाला, “बरोबरच आहे. दोन तासांनी काय होतंय?”

तोमासा नळावर चादर पिळत होती. तिने पिळणं थांबवलं नाही.

“वीस दिवस तुझ्या उशाशी होते. तेव्हा प्रभूने म्हटलं असतं, दोन तास मी जरा बाहेर जाऊन येतो, तर?”

“आई, संघ खाली जाईल!”

“जाऊ दे. संघासाठी नवस बोलले नव्हते.”

“मी तरी कुठे बोललो होतो? तूच बोललीस. मला विचारलंस?”

“तुला शुद्ध होती का विचारायला? गाढवा!”

“आता आहे ना! आता विचार!”

तिने विचारलं नाही. इलारिओने रागाने बादलीला लाथ मारली. ती बादली माझी होती. पुढचे दोन दिवस मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मध्ये मी निरोप्या. “कोम्पाद्रे, त्याला सांग, रस्सा झाकून ठेवलाय.” “पाद्रीनो, तिला सांगा, मला भूक नाही.” आणि खोली तर दहा बाय दहाची.

कुणीतरी सुचवलं, झगा आत घाल, वर पिवळा सदरा. तोमासा म्हणाली, “लपवून? नवस फेडतोय की चोरी करतोय?” एका शहाण्याने आणखी एक शक्कल काढली: प्रोग्रेसोचे पांढरे सदरेही तोमासाकडेच धुवायला येतात, तर ते शनिवारी ‘हरवले’ म्हणून सांग, सामनाच पुढे जाईल, नोव्हेंबरमध्ये. तिने हातातला ओला टॉवेल त्याच्या तोंडावर मारला. तिच्याकडे तीस वर्षांत एक रुमाल हरवला नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी छापखान्यातून आलो तेव्हा अंगणात मोठा हंडा उकळत होता आणि तोमासा काठीने ढवळत होती. तिचा चेहरा प्रसन्न होता. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

“काय चाललंय?”

“लीगला सगळे एकसारखे पाहिजेत ना? मग होतील एकसारखे. सगळे जांभळे. बघू आता कुणाला काय म्हणतात.”

दहा सदरे आत होते. अकरावा, इलारिओचा, तिने बाजूला ठेवला होता. त्याला झगा होता, मग रंगवायचा कशाला? ना मला विचारलं, ना सिप्रियानोला. चिनी दुकानातून जांभळ्या रंगाच्या पाच पुड्या आणल्या आणि पिवळे सदरे त्यात बुडवले.

आता, तीस वर्षं या बाईने कपड्यांतून रंग काढले होते. रंग घालायचं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. पिवळ्यावर जांभळा चढला की काय होतं हे कुठल्याही रंगाऱ्याच्या पोराने सांगितलं असतं. तिने काठीने पहिला सदरा वर उचलला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

तो चिखलाच्या रंगाचा होता. मातकट, तपकिरी.

“ओला आहे म्हणून,” ती म्हणाली. “वाळला की उघडेल.”

वाळल्यावर तो जास्त मातकट झाला. शनिवारी सकाळी दहाच्या दहा सदरे दोरीवर लटकत होते आणि सगळी गल्ली खाली उभी. समोरच्या म्हातारीने क्रूसाची खूण केली. “अगं तोमासा, हा तर कार्मेनच्या मातेचा, प्रभूच्या आईचा रंग! तिचा महिना जुलै. ऑक्टोबरात तिचा झगा घालून तिच्या मुलाला का डिवचतेस?” बायका हसल्या. सिप्रियानो हसला नाही. तो आला, एक सदरा ओढून हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. त्याला रडू येत होतं हे मी पाहिलं. आठवडाभर भिंती बांधून रविवारी हा माणूस तो सदरा घालायला जगत होता.

“मावशी,” तो म्हणाला, “आम्ही तुझं काय वाकडं केलं होतं?”

तोमासाने पाठ फिरवली. मी तिला तीस वर्षं ओळखतो. भांडण अर्धवट सोडून जाताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी आम्ही सगळे सांता बेआत्रिसच्या मैदानाकडे चालत निघालो. दहा जण मातकट, एक जांभळा. पुलावर लोक थांबून बघत होते. तोमासा सगळ्यात मागे, हातात टोपली. मी तिच्या बरोबरीने चालू लागलो.

“कोम्पाद्रे,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी त्याला झगा काढायला सांगणार आहे.”

मी थांबलोच.

“चाल, चाल. असा बघू नकोस. नवस मी बोलले. अंग त्याचं अडकवलं. आता या दहा पोरांचे सदरेही घालवले. किती जणांकडून फेडून घेऊ? तो खेळू दे. मी मिरवणुकीच्या मागे गुडघ्यांवर जाईन, प्रभूशी माझं मी बघते.” तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. आत इलारिओचा पिवळा सदरा होता, कडक इस्त्री केलेला. मला तिची दया आली, आणि तोमासाची दया येणं ही फार वाईट गोष्ट होती.

मैदानावर सेन्योर लेगार्दा खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर लीगची वही. प्रोग्रेसोचे विणकर आधीच आले होते. लेगार्दांनी आमच्या सदऱ्यांकडे पाहिलं, ओठ दाबून हसू आवरलं. माणूस दुष्ट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे.

“हे काय, सेक्रेटरी? बरं, असू दे. ‘पिवळा, विटलेला’ असं लिहितो. एवढं मी तुमच्यासाठी करतो. पण तो झगा नाही.”

म्हणजे सगळं एका झग्यावर आलं. सिप्रियानो इलारिओकडे बघत होता, दहाही जण बघत होते. तोमासा पुढे झाली. तिने सदरा काढून मुलासमोर धरला.

“घे पोरा. घाल. प्रभूशी मी बोलते.”

इलारिओ तिच्याकडे बघतच राहिला. आठवडाभर भांडून जे मिळालं नाही ते आई स्वतःहून देत होती, तेही खाली मान घालून. त्याने दोरीची गाठ सोडायला हात घातला. अर्धी सुटलीही.

“शाब्बास,” लेगार्दा म्हणाले. “बघितलंत? या लोकांना नीट सांगितलं की ऐकतात. आणि बाई, यापुढे असली सोंगं घरीच ठेवत जा.”

इलारिओचा हात थांबला. त्याने लेगार्दांकडे पाहिलं, मग आईच्या वाकलेल्या मानेकडे. आणि ती गाठ त्याने पुन्हा बांधली. एक नाही, दोन गाठी मारल्या, दातांनी ओढून.

“मी असाच खेळणार.”

“अरे, काढ म्हणतेय ना मी!” तोमासा म्हणाली.

“तू म्हणालीस म्हणून काढत होतो. यांनी म्हटल्यावर नाही काढणार.”

“मग सामना गेला,” लेगार्दा म्हणाले आणि वहीवर पेन टेकवलं. “लिहू?”

मला त्या क्षणी सिप्रियानोची भीती वाटत होती. तो गवंडी हळूहळू चालत इलारिओजवळ गेला, त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि लेगार्दांना म्हणाला, “लिहा. आणि तो ‘विटलेला’ खोडा. रंग नवा आहे, आमच्या मावशीने परवाच दिलाय.”

तेव्हा तोमासाची मान वर आली. मला हायसं वाटलं. हात कमरेवर गेले.

“सेन्योर,” ती म्हणाली, “तुमच्या मिरवणुकीचा झगा मी परवा इस्त्री करून पाठवला. बाह्यांना दोनदा खळ दिली, कॉलरचा घामाचा डाग लिंबाने काढला. तोच रंग, तीच दोरी. त्याच्या आत तुम्ही असलात की भक्ती, आणि याच्या आत माझा पोरगा असला की सोंग? पुढच्या वेळी तुमचा डाग तुमचा तुम्ही काढा.”

लेगार्दांचे कान लाल झाले. त्यांनी लिहिलं, वही मिटली, आणि रेफ्रीला खूण करून घोडागाडीत बसून निघून गेले. रेफ्री गेला तशी शिट्टीही गेली. दुसऱ्या सोमवारी त्यांच्या घरचं धुणं बंद झालं, पाठोपाठ त्यांच्या बहिणीचं आणि मेहुणीचं. आम्ही खालच्या वर्गात गेलो आणि तिथे सहा वर्षं राहिलो. हे सगळं खरं आहे आणि यातल्या कशाचीही मला लाज वाटत नाही.

पण त्या दुपारी मैदानाच्या मध्यभागी प्रोग्रेसोचा कप्तान एवारिस्तो डोकं खाजवत उभा होता. बारीक, चाळिशीचा विणकर. न खेळता तो जिंकला होता.

“आम्ही सकाळपासून चालत आलोय,” तो म्हणाला. “तसेच परत गेलो तर बायका विचारतील, किती गोल केले? काय सांगू, एका झग्याला घाबरून लीगचा बाबू पळाला म्हणून? चेंडू कुणाचा आहे?”

“आमचा,” सिप्रियानो म्हणाला.

“मग टाक की खाली.”

आणि सामना सुरू झाला. रेफ्री नाही, घड्याळ नाही. कुणी पाडलं तर दोघं भांडायचे, मग पुन्हा खेळायचे. दुपारी बैलाचं भाजलेलं काळीज विकणाऱ्या बाया आपल्या शेगड्या सोडून कडेला येऊन उभ्या राहिल्या. इलारिओचा झगा गुडघ्यांत अडकायचा, तो पडायचा, दोरी सावरत उठायचा. एकदा चेंडू त्या झग्याच्या घोळात असा गुंतला की विणकरांना सापडेना, आणि तो तसाच पळत गोलमध्ये घुसला. एवारिस्तो म्हणाला हा गोल नाही, सिप्रियानो म्हणाला गोल आहे. शेवटी अर्धा धरायचं ठरलं.

सेक्रेटरी म्हणून गोल लिहायचं काम माझं. पहिले चार लिहिले. मग मी ओरडायला लागलो आणि पेन्सिल कुठे पडली कळलं नाही.

थांबवणारं कुणी नव्हतं, म्हणून कुणी थांबत नव्हतं. एक तास झाला, दीड झाला. माझं लक्ष आता फक्त इलारिओच्या ओठांकडे होतं. तोमासाचंही. ती रेषेच्या कडेकडेने त्याच्याबरोबर चालत होती, आणि एकदाही म्हणाली नाही की पुरे, बस कर. तिच्या हातात तो पिवळा सदरा होता आणि तिने तो पिळून पिळून त्याची चिंधी केली होती. सूर्य कलला. चेंडू दिसेनासा झाला तेव्हा सगळे जिथे होते तिथेच बसले, मातकट आणि पांढरे एकमेकांत मिसळून. पांढरे आता पांढरे राहिले नव्हते.

इलारिओ पाठीवर पडला होता. तोमासा त्याच्याशेजारी मातीत बसली आणि तिने झग्यावरून त्याच्या छातीवर हात ठेवला. मी जवळ होतो. ते काळीज इतकं धडधडत होतं की तिचा हात वर-खाली होताना दिसत होता. तिने हात काढला नाही.

पलीकडून एवारिस्तो धापा टाकत म्हणाला, “ए, पण शेवटी किती किती झाले?”

कुणी म्हणालं सात-सहा, कुणी म्हणालं सहा-साडेसहा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“बाई,” एवारिस्तो तोमासाला म्हणाला, “तुम्ही पूर्ण वेळ बघत होता. तुम्ही सांगा. कोण पुढे आहे?”

तोमासाने मुलाच्या छातीवरचा हात जराही न उचलता सांगितलं, “आम्ही.”